आर्किऑप्टेरिक्सची लादी: पिसांच्या ठशापासून वंशवृक्षातल्या जागेपर्यंत

आर्किऑप्टेरिक्स म्हणजे निम्मा सरडा आणि निम्मा पक्षी, हे चित्र डोक्यातून काढूनच या कामाला बसावं. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या पक्ष्याच्या अंगावर जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदतं. उडायची पिसं आजच्या पक्ष्यांसारखी आहेत, दात आणि लांब हाडांची शेपटी डायनोसॉरसारखी आहे, आणि मोकळ्या बोटांचा हातही डायनोसॉरसारखाच आहे. ही सरमिसळ बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसावी म्हणून त्याच्या जीवाश्माची पूर्ण आकाराची लादी कशी करायची, तिच्याशेजारी कोंबडीची हाडं कशी मांडायची आणि वंशवृक्षाचा तक्ता कसा आखायचा, ते इथे दिलं आहे. विज्ञान प्रदर्शन असो की गणपतीची आरास, दोन्हीकडे ती शोभते. बडोद्यात सामानाला तोटा नाही. शाडू, प्लास्टर, काथ्या हे सगळं मूर्तिकारांचंच सामान आहे, आणि शाडू तर महाराष्ट्रातसुद्धा गुजरातेतूनच जाते. दोघांनी मिळून केलं तर वाळण्याचे दिवस धरून अडीच-तीन आठवडे लागतात.

कोणता नमुना घ्यायचा

आजवर आर्किऑप्टेरिक्सचे डझनाहून थोडे अधिक सांगाडे मिळाले आहेत, सगळे जर्मनीच्या बव्हेरियातल्या सोल्नहोफेन आणि आसपासच्या चुनखडीतले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. १८६१ साली जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी आधी एका सुट्या पिसाची नोंद केली. त्याच वर्षी एक सांगाडाही पुढे आला आणि तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. डार्विन यांचं उत्क्रांतीवरचं पुस्तक येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि १८६६च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी या पक्ष्याचा उल्लेख घातला.

लादीसाठी मात्र बर्लिनचा नमुना घ्या. तो १८७०च्या दशकात आइखश्टेटजवळ सापडला आणि उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या पैशांतून बर्लिनच्या संग्रहालयात आला. त्यात डोकं शाबूत आहे, मान मागे वळली आहे, दोन्ही पंख पसरलेले आहेत आणि पिसांचे ठसे साध्या डोळ्यांना दिसतात. लंडनच्या नमुन्यात हाडं विखुरलेली आहेत आणि कवटी अर्धवट आहे. नवख्याला ती बसवताना घोटाळा होतो.

ज्या चुनखडीत हे पक्षी मिळाले, तोच दगड शिळाछापासाठी जगभरच्या छापखान्यांत जात असे. रविवर्म्यांची चित्रं घराघरांत पोचली ती शिळाछापानेच, आणि बडोद्याच्या राजवाड्यात ज्यांनी मूळ चित्रं पाहिली आहेत त्यांना हा धागा सांगितला की दगडाबद्दल आपुलकी वाटते. संथ, खारट खाजणाच्या तळाशी मैद्यासारखा बारीक चुन्याचा गाळ साचत गेला, म्हणून पिसाचा तंतू न् तंतू उमटला. आपल्या मातीतही एक खडा राहता कामा नये, त्याचं कारण हेच.

सामान

लादी ४५ सेंमी लांब, ३८ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी जाड धरा. तिच्यासाठी मळून तयार केलेली शाडू ७ किलो आणि प्लास्टर ऑफ पॅरिस १० किलो लागेल. प्लास्टर ताजं हवं. पावसाळाभर उघडं पडलेलं पोतं हवेतलं पाणी पिऊन बसतं. असं प्लास्टर नीट आवळत नाही आणि नखाने खरवडलं तरी भुकटी पडते. खात्री करायची तर दुकानातून आणलेलं मूठभर प्लास्टर वाटीत कालवून पाहा. अर्ध्या तासात ते टणक आणि कोमट व्हायला हवं.

याशिवाय मूठभर काथ्या, तळाला ६० बाय ५० सेंमीची प्लायची फळी, चौकटीसाठी ५ सेंमी उंच लाकडी पट्ट्या, प्लास्टिकचा पातळ कागद, लाटणं, दाभण, बांबूच्या कोरण्या, कपडे धुण्याच्या साबणाची वडी, मऊ ब्रश आणि तोंडाला मास्क लागेल. कोंबडीची उडायची पिसं चिकनच्या दुकानातून मागून आणा. देशी कोंबडीची मिळाली तर उत्तम. रस्त्यात पडलेली रानपक्ष्यांची पिसं उचलू नका, त्यात कायद्याचा प्रश्न येतो. आणलेली पिसं हातमोजे घालून डिटर्जंटच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, स्वच्छ पाण्यातून काढा, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा आणि दांड्यापासून टोकाकडे बोटं फिरवून विस्कटलेले तंतू जुळवून घ्या.

मापं

बर्लिनच्या नमुन्याचा चांगला, पट्टी दाखवणारा फोटो मिळवा आणि दंडाचं हाड ६३ मिलिमीटर भरेल एवढा मोठा करून छापा. बाकीची मापं त्यावरून ताडून पाहा: कोपराखालचं मोठं हाड ५६, मांडीचं हाड ५२, नडगी ६९, कवटी ४५ मिलिमीटर. यातलं एखादं माप चार-पाच मिलिमीटरने चुकत असेल तर फोटो तिरका काढलेला आहे, दुसरा शोधा. छापलेला फोटो उलटा करायचा नाही. मातीत जसं काढाल तसंच शेवटच्या लादीत येतं, कारण साचा एकदा उलटतो आणि ओतकाम त्याला पुन्हा सुलटं करतं.

दंड आणि मांडीच्या मापांकडे जरा थांबून बघा. हाताचं हाड पायाच्या हाडापेक्षा लांब आहे. जमिनीवर धावणाऱ्या बहुतेक मांसाहारी डायनोसॉरांत हे उलट असतं. पंख होण्याच्या वाटेवर हात आधी लांबले, बाकीचं बरंच नंतर आलं, आणि ते आपल्याला फूटपट्टीवरच दिसतं.

मातीचा थर आणि पिसं

फळीवर प्लास्टिक अंथरून चौकट ठोका. दोन्ही बाजूंना २ सेंमी जाडीच्या पट्ट्या ठेवा, मधे शाडू दाबून भरा आणि लाटणं पट्ट्यांवरून फिरवून थर सपाट करा. दाबताना हवा अडकली तर वर फुगवटा येतो. तो दाभणाने टोचून सोडवा. मग ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा.

पिसांचे ठसे हाडांच्या आधी घ्यायचे. उलट केलं तर पिसं दाबताना हाडं चेपतात. माती कधी तयार झाली हे ओळखायची खूण सोपी आहे: बोट टेकवलं की ठसा उमटावा, पण बोटाला माती लागू नये. ओल्या मातीत पिसाचे तंतू चिकटून ठसा फाटतो, आणि फार वाळलेल्या मातीत फक्त दांडा उमटतो. बडोद्याच्या मे महिन्यात ही वेळ तासाभरात हातची जाते, म्हणून हे काम सकाळीच उरका. पावसाळ्यात त्याच थराला दीड दिवसही लागू शकतो.

पिसाला टाल्कम पावडरचा हलका हात द्या. ते जागेवर ठेवून वर प्लास्टिक घाला, लाटणं एकदाच आणि एकाच दिशेने फिरवा, मग दांडा धरून पीस सरळ वर उचला. तेच पीस पुन्हा पुन्हा वापरता येतं. प्रत्येक पंखाला त्या बाजूची पाच-सहा चांगली पिसं पुरतात.

आता या पिसातलं सर्वांत महत्त्वाचं. कोंबडीचं पंखाच्या टोकाकडचं पीस हातात घेऊन दांड्याच्या दोन्ही बाजू मोजा. एक बाजू अरुंद असते, दुसरी तिच्या दुप्पट-तिप्पट रुंद. अरुंद बाजू वाऱ्याकडे, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेकडे असते. छातीवरचं पीस घेतलं तर दोन्ही बाजू सारख्या भरतात. आर्किऑप्टेरिक्सची पंखाची पिसं अशीच एका अंगाने अरुंद आहेत, आणि तो हवेत काहीतरी करत होता या म्हणण्यामागचा हा मोठा पुरावा आहे. त्यामुळे डाव्या पंखाचं पीस उजव्या पंखात दाबलं, तर अरुंद बाजू मागे जाते आणि सगळी लादीच चुकते. जाणकार माणूस सर्वांत आधी इथेच बघतो.

हाताच्या हाडांमागे ११ पिसं आणि कोपराखालच्या हाडांमागे १२ पिसं घ्या. हातामागच्या सर्वांत लांब पिसाची लांबी १३ सेंमी ठेवा, अगदी बाहेरचं त्याहून आखूड, आणि आत येताना लांबी हळूहळू कमी होऊ द्या. कोपर आणि खांदा यांच्यामध्ये काय होतं, हा प्रश्न बरीच वर्षं लटकत होता. २०२५ साली शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या नमुन्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्यात दंडामागेही लांब पिसं दिसली. पंख आणि धड यांच्यामधली फट त्यांनी भरून निघते. बर्लिनच्या लादीत ती आपल्या मनाने घालू नका. पण शेजारी जिवंत पक्ष्याचं चित्र लावणार असाल, तर त्यात फट ठेवू नका.

शेपटीची पिसं पंख्यासारखी एका बिंदूतून फुटत नाहीत. ती मणक्यामणक्याला डावी-उजवी अशा जोड्यांनी निघतात आणि मागे तिरपी जातात. मधल्या भागात ८-९ सेंमी लांबी पुरे. दोन्ही मांड्यांमागेही आखूड पिसांचे ठसे हलके उमटवा.

हाडं

हाडांसाठी थोडी शाडू वेगळी काढून वस्त्रगाळ करा. तिच्या वळ्या करून, खाली दाभणाने ओरखडे काढून, मातीच्या पाण्याने चिकटवा. उंची ३ मिलिमीटरच्या वर नको, आणि बाजू उताराच्या हव्यात. कड आतल्या बाजूला वळली तर पुढे दोन प्लास्टर एकमेकांत अडकतात आणि सोडवताना हाड तुटून साच्यात राहतं. लादी बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. प्रत्येक हाडाच्या दोन्ही बाजूंनी बांबूची कोरणी तिरपी धरून फिरवा, म्हणजे कड आपोआप उतरती होते.

सर्वाधिक वेळ हाताला द्या. तीन बोटं आहेत आणि तिन्ही मोकळी आहेत. अंगठ्याकडच्या बोटात २ पेरं, मधल्यात ३, तिसऱ्यात ४, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पेरावर वाकडी नखी. मधलं बोट सर्वांत लांब, तिसरं बारीक. तळहाताची तीन लांब हाडंही सुटी आहेत, त्यांच्यामध्ये दाभणाने स्पष्ट रेघ ओढा. आजच्या पक्ष्यात ही हाडं एकमेकांना जुळून एकच होतात. म्हणून ती रेघ पुसली गेली, तर आपण आर्किऑप्टेरिक्स नव्हे, कोंबडी केली असं होतं.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पराकडे बोट दाखवा: आत खांदा, दंड, कोपर, बोटांची पेरं सगळं आहे. हात तोच, काम वेगळं. हे एकदा ध्यानात आलं की पंखातला हात ओळखायला मुलांना वेळ लागत नाही.

शेपटीचे मणके २१ ते २३ भरतात. मुळाशी आखूड, मधे लांब आणि टोकाला बारीक असे करा. ते मोजून करा, कारण प्रदर्शनात कोणीतरी मोजतंच. आजच्या पक्ष्यात शेपटीचे शेवटचे मणके जुळून एक छोटं हाड होतं, त्याला पायगोस्टाइल म्हणतात. आर्किऑप्टेरिक्समध्ये त्याचा पत्ता नाही.

कवटीत दात सुईच्या टोकाने करा, मिलिमीटरभर उंचीचे, एकमेकांपासून सुटे. वरच्या जबड्यात एका बाजूला पुढे ४ आणि मागे ८ किंवा ९, खालच्या जबड्यात ११-१२. एवढ्या लहान आकारात सगळे जमले नाहीत तर चालेल, पण करवतीसारखी सलग रांग मात्र करू नका. पोटाखाली केसासारख्या बारीक पोटफासळ्या येतात. त्या धडाच्या बरगड्यांपासून वेगळ्या असतात आणि आजच्या कुठल्याच पक्ष्यात उरलेल्या नाहीत.

पायाचं मागचं बोट, म्हणजे अंगठा, ही हमखास चुकायची दुसरी जागा. जुन्या चित्रांत अंगठा पूर्ण मागे वळवून पक्षी फांदीवर बसवलेला असतो. अमेरिकेतल्या थर्मोपोलिसच्या संग्रहालयातल्या नमुन्यावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की अंगठा तसा पूर्ण मागे वळलेला नव्हता, आणि पायाचं दुसरं बोट डायनोनिकस या शिकारी डायनोसॉरच्या कुळातल्या प्राण्यांसारखं वर उचलता येत होतं. अंगठा बाजूला ठेवा.

छातीवर कणा असलेलं हाड काढू नका. आजच्या उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीवर जो उंच कणा असतो, ज्याला उडायचे स्नायू चिकटतात, तो इथे नाही. गळ्याखालचं चिमट्यासारखं हाड लंडनच्या नमुन्यात ठसठशीत दिसतं, पण बर्लिनच्या लादीवर ते उठून दिसत नाही. सर्वांत वर आणून मांडायची घाई करू नका.

साचा, म्हणजेच जोडलादी

खरे जीवाश्म दगड फोडल्यावर दोन भागांत मिळतात: एकावर हाडं, दुसऱ्यावर त्यांचा उलटा ठसा. आपला साचा हीच ती दुसरी लादी. तो फोडून टाकायचा नसतो, ओतकाम झाल्यावर जपायचा. दोन्ही लाद्या उघडलेल्या पुस्तकासारख्या शेजारी मांडल्या की बघणाऱ्याला जीवाश्म म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

एका लादीला ४.५ किलो प्लास्टर आणि ३.१५ लिटर पाणी, म्हणजे वजनाने १० भाग प्लास्टरला ७ भाग पाणी. पाणी वाढवलं तर लादी मऊ आणि भुसभुशीत होते, कमी केलं तर लगदा पिसांच्या रेघांत शिरत नाही. एकदम सगळं कालवू नका. आधी दीड किलो प्लास्टर १.०५ लिटर पाण्यात. नेहमी प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मुठीने सगळीकडे भुरभुरवा, दोन मिनिटं तसंच भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून दोन मिनिटं हळू ढवळा. जोरात घुसळलं की बुडबुडे येतात आणि ते नेमके दातांवर येऊन बसतात.

बादली स्वच्छ हवी. मागच्या वेळच्या आवळलेल्या प्लास्टरचे कण तिच्यात राहिले तर नवीन प्लास्टर फार लवकर आवळतं, आणि ओतायच्या आधीच हातात दगड येतो. कोमट पाण्यानेही तसंच होतं. उन्हाळ्यात टाकीचं तापलेलं पाणी न घेता माठातलं घ्या.

पहिला घाणा ब्रशने पिसांवर आणि हाडांवर हलक्या हाताने चढवा, फुंकर मारून खाचांत पोचवा. त्याची चकाकी जायला लागली की उरलेला ३ किलोचा घाणा कालवा, अर्धा ओता, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या पातळ पसरा, मग बाकीचा ओता. काथ्या पृष्ठभागाच्या जवळ गेला तर पुढे तंतू दिसतात. आवळताना प्लास्टर तापतं. त्यात हात रुतवून बसू नका, भाजतं. उरलेला घोळ मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका, पाइपातच दगड होईल. जुन्या पिशवीत आवळू द्या आणि कचऱ्यात टाका.

तासाभराने चौकट काढा, सगळं उलटं करा, शाडू सोलून काढा आणि मऊ ब्रशने वाहत्या पाण्यात धुवा. शाडू पुन्हा वापरता येते, फक्त तिच्यात प्लास्टरचे तुकडे जाऊ देऊ नका.

मुख्य लादी ओतणं

जोडलादी कोरडी होऊ द्यायची नाही, दुसऱ्याच दिवशी वापरायची. कोरडं प्लास्टर नव्या प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतं आणि दोन्ही चिकटतात. कपडे धुण्याच्या साबणाचा १०० ग्रॅम कीस अर्धा लिटर गरम पाण्यात विरघळवा आणि चमचाभर खोबरेल तेल घाला. ओलसर लादीवर ब्रशने लावा, पाच मिनिटांनी फडक्याने पुसा, असं तीनदा करा. शेवटी पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो गोळा होऊन घरंगळला तर पुरे, शोषला गेला तर आणखी एक हात. फेस खाचांत राहिला तर पिसांच्या जागी खड्डे येतात, म्हणून पुसताना कोरड्या ब्रशने कोपरे साफ करा.

मग वरच्याच मापाने आणि त्याच पद्धतीने ओता. दीड तासाने कडेला सगळ्या बाजूंनी लाकडी पाचर हलक्या ठोकून फटीत पाणी सोडा. पाणी आत गेलं की लाद्या स्वतःच सुटतात. एकाच बाजूने उचकटलं तर लादी आडवी तडकते. बुडबुड्यांमुळे आलेले मणी कोरणीने खरवडा, खड्डे ओलं प्लास्टर बोटाने भरून बुजवा. सावलीत, कडेवर उभ्या ठेवून आठ-दहा दिवस वाळवा. आडव्या ठेवल्या तर वाकतात.

रंगासाठी पिवळसर मातकट रंग पाण्यात अगदी पातळ करून दोन हात द्या. हाडांना तपकिरी छटा. सोल्नहोफेनच्या दगडावर फटींच्या कडेने नेच्याच्या पानासारख्या काळ्या नक्ष्या दिसतात. ती वनस्पती नव्हे, मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांची वाढ. एक-दोन काढल्या तर छान दिसतात, फार नकोत. चकचकीत वॉर्निश अजिबात लावू नका.

कोंबडीची हाडं

लादीशेजारी आजच्या पक्ष्याची तीन हाडं हवीत: पंखाचं टोक, छातीचं हाड, शेपटीचा शेवट. घरात मांसाहार चालत नसेल तर हा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत करा, किंवा त्याऐवजी नीट मापाची चित्रं लावा, लादीचं महत्त्व त्याने कमी होत नाही. देशी, पूर्ण वाढलेली कोंबडी घ्या. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांचं पिल्लू असतं. त्याची हाडं पुरती जुळलेली नसतात, शिजवल्यावर टोकांचे कूर्चेचे भाग सुटतात आणि छातीच्या कण्याचं टोकही कूर्चेचंच राहतं.

पण ब्रॉयलरच्या पंखाचं टोक फेकू नका. त्यात तळहाताची हाडं अजून सुटी असतात, आणि वाढ झालेल्या कोंबडीत तीच एकरूप होतात. दोन्ही एका पुठ्ठ्यावर लावा. आर्किऑप्टेरिक्स मोठा झाल्यावरही ज्या अवस्थेत राहिला, तिच्यासारखी अवस्था कोंबडी पिल्लूपणी ओलांडते. आमच्या मते सगळ्या मांडणीत सर्वांत बोलकी वस्तू हीच आहे.

हाडं मंद आचेवर तासभर शिजवा, मांस काढा, तीन-चार दिवस डिटर्जंटच्या पाण्यात ठेवून पाणी रोज बदला. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर. फरशी पुसायचं ब्लीच वापरू नका, ते हाड खातं आणि महिन्याभरात पूड होते.

वंशवृक्ष

दीड मीटरहून थोडी लांब पट्टी घ्या आणि १ कोटी वर्षांना १० सेंमी धरा. आज म्हणजे शून्य. १६० सेंमीवर चीनचा पिसं असलेला अँकिऑर्निस. १५० वर आर्किऑप्टेरिक्स. १२५ च्या आसपास सायनोसॉरोप्टेरिक्स, म्हणजे १९९६ साली पुढे आलेला, अंगावर तंतूंसारखी पिसं असलेला डायनोसॉर, आणि तिथेच कन्फ्युशियसॉर्निस, ज्याला दात नाहीत, चोच आहे आणि शेपटी जुळलेली आहे. ११० च्या जवळ डायनोनिकस. ९० च्या आसपास इक्थिऑर्निस, छातीवर मोठा कणा, पण जबड्यात अजून दात. ६६ वर लाल रेघ: पक्षी सोडून सगळे डायनोसॉर संपले.

६७ च्या जवळ बालासिनोरजवळच्या रैयोलीचा राजासॉरस लावा. बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवर सापडलेला हा डायनोसॉर इथल्या मुलांच्या ओळखीचा असतो, आणि ती त्याला हमखास पक्ष्यांचा पूर्वज म्हणून वर बसवतात. पट्टीकडे बघितलं की चूक लगेच कळते: तो आर्किऑप्टेरिक्सनंतर ८ कोटी वर्षांनी आला. दोघेही थेरोपॉड, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांच्या गटातले, पण राजासॉरस दूरची चुलत शाखा आहे. डायनोनिकसचंही तसंच. १९७०च्या दशकात अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी त्याचे हात आणि मनगट आर्किऑप्टेरिक्सशी जुळवून दाखवले, पण ते नातं भावंडांच्या पिढीचं आहे, बाप-लेकाचं नाही.

झाड काढताना आर्किऑप्टेरिक्सला आजच्या पक्ष्यांकडे जाणाऱ्या मुख्य खोडावर ठेवू नका. खोडाच्या अगदी बुडाशी फुटलेल्या छोट्या फांदीच्या टोकाला ठेवा. खोडावर प्राण्यांऐवजी गुण लिहा, खालून वर या क्रमाने: तंतूसारखी पिसं, गळ्याखालचं चिमटा-हाड, उडायची अरुंद-रुंद पिसं, इथे आर्किऑप्टेरिक्सची फांदी, त्याच्यावर जुळलेली शेपटी, छातीचा कणा, जुळलेला हात, शेवटी आजच्या सगळ्या पक्ष्यांची बिनदाती चोच. कन्फ्युशियसॉर्निससारख्या बाजूच्या फांद्यांवर दात वेगळ्यानेही गेलेले आहेत, तिथे तसा छोटा ठिपका द्या. ‘दुवा’ हा शब्द टाळा, तो साखळीचं चित्र उभं करतो आणि इथे झुडूप आहे.

फांदीचा बुंधा तुटक रेघेने काढा. २०११ साली चीनमधल्या शियाओटिंगिया या पिसांच्या डायनोसॉरवरून जीवाश्मशास्त्रज्ञ शू शिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्किऑप्टेरिक्सला डायनोनिकसच्या बाजूला सरकवलं, नंतरच्या बहुतेक विश्लेषणांनी त्याला पुन्हा पक्ष्यांच्या बाजूला आणलं. सरकणं थोडंसंच आहे, कारण त्या काळात या दोन शाखा जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. आणि १५० सेंमीच्या खुणेवर आता दुसरं नावही लावा: चीनच्या फूच्यान प्रांतातला बामिनॉर्निस, २०२५ साली प्रसिद्ध झालेला, तितकाच जुना पण शेपटी आखूड आणि जुळलेली. म्हणजे आर्किऑप्टेरिक्स जगत होता तेव्हाच पक्ष्यांच्या शाखा वेगळ्या झाल्या होत्या, आणि ‘पहिला पक्षी’ अशी पाटी लावणं आज बरोबर ठरत नाही. ‘सर्वांत जुन्या पक्ष्यांपैकी एक’ असं लिहा. बडोद्यात पाटी मराठी आणि गुजराती दोन्हीत असू द्या.

मांडणी

वरची ट्यूबलाइट बंद करा. समोरून प्रकाश पडला की पिसांचे ठसे दिसेनासे होतात. डाव्या बाजूने, लादीच्या पातळीपेक्षा जरासाच वर, एक लहान दिवा लावा. लांब सावल्या पडल्या की तंतू मोजता येतात.

‘तो उडायचा का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. २०१८ साली फ्रान्सच्या ग्रेनोबलमधल्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे फार तीव्र क्ष-किरणांच्या यंत्रावर, हाडांचे आडवे छेद तपासले गेले, तेव्हा पंखाच्या हाडांच्या भिंती तितरासारख्या, थोडा वेळ झेप घेणाऱ्या पक्ष्यांशी जुळल्या. छातीला कणा नाही, म्हणजे घारीसारखं तासन्‌तास नाही, पण फडफडत छोटी झेप, हे उत्तर द्यायला हरकत नाही. रंग विचारला तर २०१२ साली त्या सुट्या पिसातल्या रंगकणांचा अभ्यास झाला आणि ते पीस काळं असावं असं दिसलं, एवढंच सांगा. बाकी अंगाचा रंग त्यावरून ठरत नाही.

प्रदर्शन संपल्यावर दोन्ही लाद्या गोणपाटात गुंडाळून उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून, जमिनीपासून विटेच्या उंचीवर. पावसाळ्यात ओल खाऊन सर्वांत आधी खालची कड मऊ पडते. आरासीत मांडल्या असतील तर विसर्जनाच्या सामानात त्या जाणार नाहीत, याकडे लक्ष ठेवा. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही.